तरोटा : आधी ओळख, मग औषध

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून कापसाचा भाव, पीक विमा आणि विजेचे बिल यांवर बोलणे झाले. आता मी ज्यावर बोलणार आहे, ते ऐकून मागच्या रांगेतली मंडळी हसतील. मी तरोट्यावर बोलणार आहे. धुऱ्यावर, पाणंदीत, उकिरड्याच्या कडेला मिरगाच्या पावसासोबत न पेरता उगवतो, तोच तरोटा. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात त्याला टाकळा म्हणतात.

शेतकी कॉलेजात असताना तणांच्या तासाला आम्हाला याचे लॅटिन नाव पाठ करायला लावले होते. नाव पाठ झाले की पुढचा प्रश्न एकच. कोणते तणनाशक, एकरी किती? हे झाड खातात का, विकतात का, त्याने काही बरे होते का, हे चार वर्षांत कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. पदवी घेऊन बाहेर पडलो तेव्हा तरोटा मारायचा कसा हे मला येत होते. तो ओळखायचा कसा, हे येत नव्हते. त्याचा दंड मी पुढे भरला. तो प्रसंग सांगतोच, पण आधी तरोट्याचे गुण सांगतो.

पहिला गुण भाजीचा. पहिल्या पावसानंतर पंधरा-वीस दिवसांत वीतभर रोप होते, तेव्हाचा कोवळा पाला खुडायचा. उकळायचा, पाणी पिळून टाकायचे, आणि डाळीसोबत किंवा कांदा-लसणावर परतायचा. ज्या दिवसांत घरात भाजीला पैसा नसतो आणि वावरात काही आलेले नसते, त्याच दिवसांत ही भाजी फुकट येते. आपल्या आजीने ती गरिबीमुळे खाल्ली हे खरे, पण समजूनही खाल्ली. कोवळाच पाला घ्यायचा, पहिले पाणी टाकायचे आणि रोज खायची नाही, हे तीन नियम तिला पाठ होते. त्यामागचे कारण असे, की तरोटा हा सोनामुखीचा चुलतभाऊ आहे. सोनामुखीने पोट साफ होते ते ज्या जातीच्या द्रव्यांमुळे, त्याच जातीची द्रव्ये तरोट्यातही आहेत. जून पाला खाल्ला किंवा पाणी न टाकता खाल्ला, तर जुलाब लागतात. गरोदर बाईने आणि लहान लेकरांनी ही भाजी टाळलेली बरी.

इथे आजच्या काळाची एक सूचना जोडतो. आजीच्या वेळी धुऱ्यावर फवारा नव्हता. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली, हे या मांडवात कोणाला सांगावे लागत नाही. ज्या पऱ्हाटीवर फवारा झाला, तिच्या धुऱ्यावरची भाजी खुडू नका. तणनाशक मारलेल्या जागेची तर नकोच. पडीक जागेवरची, रस्त्यापासून दूरची खुडा.

दुसरा गुण कातडीचा. आयुर्वेदात तरोट्याला चक्रमर्द म्हणतात आणि दद्रुघ्न असेही म्हणतात. दद्रु म्हणजे गजकर्ण, नायटा. म्हणजे रोगाचा शत्रू हेच झाडाचे नाव. पिकलेले बी वाटून आंबट ताकात किंवा लिंबाच्या रसात कालवायचे आणि नायट्यावर लावायचे, हा खेड्यापाड्यांतला जुना लेप. त्यात तथ्य आहे. नायटा ही बुरशी आहे, आणि तरोट्याच्या बियांतल्या काही द्रव्यांनी अशी बुरशी मरते, हे प्रयोगशाळेत दिसले आहे.

पण लेप लावायचा तर रीतीने लावा. आधी मनगटाच्या आत चिमूटभर लावून एक दिवस वाट पाहा. आग झाली तर धुवून टाका आणि नाद सोडा. डोळ्यांजवळ, जांघेत, चिरलेल्या जागी आणि लेकरांच्या अंगावर लावू नका. घरात एकाला नायटा असला तर दुसऱ्यालाही असतो, म्हणून सगळ्यांनी एकदमच इलाज करा. कपडे वेगळे धुवा आणि कडक उन्हात वाळवा. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरकडे जा.

डॉक्टरकडे जा म्हणालो, दुकानात जा म्हणालो नाही. नायट्यावर आपण काय करतो? औषधाच्या दुकानात जाऊन खाजेची ट्यूब द्या म्हणतो. तो जी देतो तिच्यात पुष्कळदा स्टेरॉइड असते. दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, आणि आतली बुरशी पसरत राहते. महिन्याने नायटा दुप्पट होऊन उठतो. अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून सरकारने 2018 साली नियम कडक केला. गावात तो किती पाळला जातो, ते तुम्हीच पाहा.

आता तरोट्याने काय होत नाही, तेही ऐकून ठेवा. झाडपाल्याची बदनामी करायला शत्रू लागत नाही, त्याची वारेमाप स्तुती करणारा मित्रच ती करतो. जुन्या ग्रंथांत चक्रमर्द कुष्ठावर सांगितला आहे. तिथे कुष्ठ या शब्दात कातडीचे सगळेच विकार येतात. आपण ज्याला महारोग म्हणत आलो, तो तरोट्याने जात नाही. अंगावर फिका चट्टा आला आणि तिथे टोचलेले कळत नसेल, तर लेप करत बसू नका. सरकारी दवाखान्यात त्याच्या गोळ्या फुकट मिळतात आणि रोग पुरता बरा होतो. काही गावांत साप चावल्यावर तरोट्याचे मूळ उगाळून देतात. त्यात जी अर्धी घटका जाते, ती माणसाचा जीव घेते. सापाला औषध एकच, दवाखान्यातली लस. मूळ शोधायला जाणाऱ्या माणसाला गाडी शोधायला पाठवा.

तिसरा गुण पैशाचा. दिवाळीनंतर तरोटा वाळतो, शेंगा तडकू लागतात. आपल्याकडच्या बाया तो कापतात, बडवतात, उफणतात आणि बी बाजारात नेतात. हे बी जाते कुठे, हे मी कितीतरी बैठकांत विचारले. कोणी म्हणाले कोंबड्यांच्या खाद्यात, कोणी म्हणाले कॉफीत. भाजलेल्या बियांचे पेय कॉफीऐवजी पितात हे खरे आहे, आणि चीन-जपानात त्याचा चहाही करतात. पण मोठे गिऱ्हाईक निराळे आहे. गवारीच्या बियांतून जसा डिंक निघतो, तसाच तरोट्याच्या बियांतूनही निघतो. परदेशात कुत्र्यामांजरांचे डब्यातले खाणे घट्ट करायला तो वापरतात. 2010 साली युरोपीय संघाने माणसांच्या काही पदार्थांतही त्याला परवानगी दिली. कापसाशीही या बियांचे जुने नाते आहे. दक्षिणेतले रंगारी निळीच्या माठात तरोट्याचे बी उकळून घालत, म्हणजे माठ नीट आंबे आणि निळा रंग सुतावर धरे.

आणि भाव? 2020 च्या मे महिन्यात केंद्र सरकारने गौण वनोपजांच्या आधारभूत किमती वाढवल्या. त्या यादीत हे बी 'पुवाड' नावाने आहे, किलोला 16 रुपये. ती योजना जंगलात गोळा करणाऱ्या आदिवासींसाठी. आपल्या धुऱ्यावरचा तरोटा वनोपज नाही आणि शेतमालही नाही. म्हणजे त्याचा भाव व्यापारी तोंडाने सांगेल तो. समजा एका बाईने दिवसभर बडवून, उफणून 10 किलो बी केले. 16 रुपयांनी तिचे 160 रुपये होतात. त्यात ओलीचा कडता, कचऱ्याचा कडता आणि मापातली मार गेली, की निंदणाच्या रोजापेक्षा कमी हाती येते. हा कडता कशाने कमी होईल, हे मला एका आजीने शिकवले. आता तो प्रसंग.

काही वर्षांपूर्वी एका गावात बायांना मी मोठ्या उत्साहाने सांगितले, की एकेकटीने विकू नका, सगळ्यांचे बी एका जागी करा, आपण थेट मोठ्या व्यापाऱ्याकडे नेऊ. माल जमा झाला. गोण्या भरल्या, गाडी केली. व्यापाऱ्याच्या माणसाने मूठभर बी ताटात पसरले, बोटाने फिरवले आणि म्हणाला, "यात मिसळ आहे, घेत नाही." मला वाटले, भाव पाडायचा डाव आहे. मी भांडलो, आपल्या पदवीचाही उल्लेख केला. गोण्या तशाच परत आल्या, गाडीभाडे अंगावर पडले.

गावात आल्यावर एका म्हाताऱ्या आजीने गोणीत हात घातला, तळहातावर दाणे घेतले आणि वेगवेगळे केले. म्हणाली, "भाऊ, हा तरोटा हाय आन् हा कासोदा हाय. तुमी एवढे शिकले, हे नाई दिसलं तुमाले?"

नाही दिसले. पोरापोरींनी पैशाच्या हौसेने जे पिवळ्या फुलाचे दिसले ते सगळे बडवून आणले होते, आणि ते पाहून घेणारा मीच होतो. तितक्यात एक बाई म्हणाली, व्यापारी घेत नाही तर राहू द्या, घरी भाजून कॉफी करू, उरले ते शेळ्यांना घालू. आजी तिच्या अंगावर ओरडली. आजीला रसायनशास्त्र येत नव्हते. कासोद्याचे बी खायचे नसते, एवढेच तिच्या आईने तिला सांगितले होते. त्या दिवशी तिने त्या घरातल्या लेकरांना वाचवले असे मी म्हणतो. का म्हणतो, ते ऐका.

पश्चिम उत्तर प्रदेशात बिजनौर, सहारनपूर या भागांत कितीतरी वर्षे पावसाळा संपला की लहान लेकरे अचानक आजारी पडत. उलट्या, झटके, बेशुद्धी, आणि दोन-चार दिवसांत खेळ संपायचा. सगळे म्हणत, मेंदूचा ताप आहे, विषाणू आहे. डॉक्टरांनी चिकाटीने माग काढला आणि 2007 साली शोध छापून आला, की ही लेकरे कासोद्याच्या शेंगा खात होती. बहुतेक दोन ते पाच वर्षांची, गरिबांची, आई वावरात गेलेली. खेळता खेळता शेंग तोडली, वाटाण्यासारखे दाणे दिसले, तोंडात टाकले. त्या दाण्यांनी लिव्हर, स्नायू आणि मेंदू तिन्हींवर घाव घातला. पुढे 2016 साली ओडिशातल्या मलकानगिरी जिल्ह्यात काही आठवड्यांत शंभरच्या आसपास लेकरे दगावली. काही जपानी मेंदूज्वराने गेली, पण अनेकांच्या मृत्यूमागे हेच झाड असल्याचे तज्ज्ञांच्या समितीने सांगितले.

आता नावांकडे लक्ष द्या. ओडिशात तरोट्याला चाकुंडा म्हणतात आणि कासोद्याला बाणा चाकुंडा, म्हणजे रानचाकुंडा. उत्तर प्रदेशात लेकरे मारणाऱ्या झाडाला लोक पमाड म्हणत, आणि हिंदी मुलखात पवाड, पुवाड म्हणजे आपला तरोटा. आपल्याकडेही कासोद्याला कुठे कासविंदा म्हणतात, कुठे रानटाकळा. नावे अशी एकमेकांत शिरलेली आहेत. कोणी भाषणात सांगितले की तरोटा औषधी आहे, आणि ऐकणाऱ्याने घरी जाऊन रानटाकळा आणला, तर पाप कोणाचे? म्हणून मी औषध सांगतो तेव्हा झाड हातात धरून सांगतो. आजही दोन्ही झाडे आणली आहेत. ही रांगेतून फिरवा.

हा माझ्या उजव्या हातात तरोटा. पानाच्या एका दांडीवर पानांच्या तीनच जोड्या, म्हणजे सहा पाने. पानाचे टोक गोल, बुडाकडे निमुळते. खालच्या जोडीच्या मध्ये दांडीवर बारीक काटेरी टोक दिसते, ते बोटाने चाचपा. शेंग सुतळीसारखी बारीक, लांब, वाकलेली, जवळजवळ वीतभर. बी तपकिरी, चकचकीत, तिरक्या चौकोनी आकाराचे, जणू दोन्ही टोके कोणी तिरकी छाटली आहेत.

हा डाव्या हातात कासोदा. पानांच्या जोड्या चार ते सहा. पानाचे टोक भाल्यासारखे अणकुचीदार. दांडीच्या अगदी बुडाशी एक काळपट गाठ. शेंग चपटी, रुंद, वर उचललेली, कडा फिक्या आणि मधला पट्टा गडद. बी चपटे, गोलसर, मळकट रंगाचे, चकाकी नसलेले.

तिसराही एक परदेशी भाऊ आहे, मराठवाड्याकडे रस्त्यांच्या कडेने फार माजला आहे. त्याच्या अंगावर मऊ लव असते आणि शेंगा बोटाच्या दोन पेरांएवढ्या आखूड. त्याच्या वाटेला जाऊ नका. आणि तरवड वेगळा. ते मोठ्या पिवळ्या फुलांचे झुडूप, त्याच्या सालीने कातडे कमावतात. नाव जवळचे म्हणून घोटाळा करू नका.

तीन जोड्या की चार-सहा, टोक गोल की अणकुचीदार, शेंग सुतळी की पट्टी. एवढे तीन प्रश्न पहिलीच्या पोरालाही विचारता येतात.

कासोदाही जुन्या वैद्यांना माहीत होता. कासमर्द म्हणून तो खोकल्यावर सांगितला आहे. पण ते काम वैद्याचे. घरी त्याचे बी तोंडात घालायचे नाही, आणि जनावरांच्या आंबोणातही नाही. त्या बियांनी गुराढोरांचे स्नायू निकामी होतात.

आता व्यापाऱ्याच्या त्या ताटाकडे परत येऊ. तो नुसता डाव करत नव्हता. डिंकाला परदेशात परवानगी मिळाली ती एका अटीवर. त्यात कासोद्याचा अंश शेकडा 0.05 पेक्षा कमी हवा. म्हणजे 10 किलोत 5 ग्रॅमसुद्धा नको. कारखाना ही अट व्यापाऱ्यावर ढकलतो, व्यापारी अडत्यावर, आणि शेवटी ती कडता बनून धुऱ्यावरच्या बाईच्या पदरात पडते. अट काय आहे हे मात्र तिला कोणी सांगत नाही. लेकराचा जीव आणि मालाचा भाव, दोन्ही एकाच गोष्टीवर अडले आहेत. ती गोष्ट म्हणजे ओळख.

आणि ही ओळख होती कोणाकडे? निंदणाच्या बायांकडे. पंधरा बाया ओळीने बसून निंदत, तेव्हा बोलता बोलता सून सासूकडून शिकत असे, हे खायचे, हे टाकायचे, हे गाईला, याला हात लावायचा नाही. आज मजुरी परवडत नाही म्हणून आपण फवारा मारतो. मी तुम्हाला फवारा बंद करा म्हणत नाही. पऱ्हाटीचे पहिले दीड-दोन महिने वावर स्वच्छ हवे, नाहीतर तण पीक खाते, हे कॉलेजात शिकलो आणि वावरात अनुभवले. तण कशाने काढायचे ते तुमचा खिसा ठरवेल. पण फवाऱ्याला तरोटा आणि कासोदा सारखाच. तो दोन्ही मारतो आणि कोणाला काही शिकवत नाही. निंदण गेले तशी शाळा गेली. ती शाळा आता आपल्याला मुद्दाम भरवावी लागेल.

म्हणून प्रत्येक गावाने चार कामे करायची.

एक. पोळ्याच्या आधी एका सकाळी शाळेतली पोरे आणि गावातली एक जाणती म्हातारी यांना घेऊन शिवारफेरी काढा. दोन्ही झाडे शेजारी ठेवून दाखवा. मास्तर, अंगणवाडीताई आणि आशाताईंना सोबत घ्या.

दोन. शाळा, अंगणवाडी आणि वस्तीच्या आसपासचा कासोदा शेंगा धरायच्या आत उपटा. एखाद्या लेकराने शेंगा खाल्ल्या आणि उलट्या सुरू झाल्या, तर घरगुती इलाज नको. शेंग सोबत घेऊन दवाखान्यात जा आणि डॉक्टरला झाड दाखवा. झाड दिसले तर निदान लवकर होते.

तीन. वावराच्या आतला आणि धुऱ्यावरचा तरोटा फुलावर यायच्या आधी कापून ओळींत पसरा. तो द्विदल कुळातला असला तरी त्याच्या मुळांवर गाठी येत नाहीत, त्यामुळे तुरीसारखे नत्र तो हवेतून ओढत नाही. पण पाला कुजतो आणि ओल धरून ठेवतो. कोरडवाहूला तेही पुष्कळ. बियांसाठी फक्त पडीक जागेवरचा राखा.

चार. बी गोळा करताना निवड उभ्या झाडावरच करा. सुपात दाणे निवडत बसणे पुरवत नाही. ज्या झाडाची पाने गळाली आणि शेंगेवरून खात्री पटत नाही, ते झाड सोडून द्या. माल खळखळीत वाळवा, गावाचा एकत्र करा, आणि व्यापाऱ्याच्या ताटात स्वतः मूठ पसरून म्हणा, "दाखव यात कासोदा." मग कडत्यावर बोलू.

त्या आजीच्या गावच्या बायांनी पुढच्या वर्षी असेच केले. मी सोबत गेलो होतो, पण मला बोलायची गरज पडली नाही. ताट पसरले, माणसाने बोट फिरवले, आणि गोण्या काट्यावर चढल्या. भाव फार मोठा मिळाला असे नाही. पण मिसळीचा कडता निघाला नाही, आणि गाडी रिकामी परत आली.

ती आजी आता नाही. ती गेली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला, की तिला अजून किती झाडे ओळखता येत होती, ते मी विचारलेच नाही. तुमच्या गावात अशी आजी अजून असेल. यंदाच्या पावसाळ्यात तिला घेऊन धुऱ्यावर जा.

एवढे बोलून मी थांबतो. झाडे फिरून परत आली का? मोजून घ्या, कासोद्याची शेंग इथे मांडवात राहायला नको. बाहेर लेकरे खेळताहेत.